पोवळ्यांच्या मुलखाची मोजणी

सुमात्रा बेटाच्या नैर्ऋत्येस, हिंदी महासागराच्या अथांग पाण्यात, कीलिंग नावाचा प्रवाळबेटांचा एक लहानसा समूह आहे. १८३६ च्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ब्रिटिश आरमाराचे ‘बीगल’ हे मोजणीचे जहाज तेथे नांगर टाकून होते, आणि त्याचा कप्तान फिट्झरॉय हा, बेटाच्या ज्या बाहेरच्या अंगावर महासागराच्या लाटा अहोरात्र फुटत असतात त्या अंगाला पाण्याची खोली मोजून घेत होता. खोली मोजण्याचे त्या काळचे साधन अगदी साधे असे: लांब दोरीला बांधलेला शिशाचा गोळा आणि त्या गोळ्याच्या बुडाशी थापलेली चरबी. गोळा तळाला टेकला म्हणजे तेथे चिखल असेल तर चिखल, वाळू असेल तर वाळू चरबीला चिकटून वर येई, आणि ती पाहून तळ कसला आहे, नांगर धरेल की नाही, याचा अंदाज खलाशी बांधीत. एरवी काम झाल्यावर ती चरबी खरवडून टाकून द्यावयाची; कीलिंगला मात्र ती कापून, जपून जहाजावर नेली जाई, कारण तेथे सत्तावीस वर्षांचा एक निसर्गाभ्यासक तिची वाट पाहत असे. दहा-बारा वाव खोलीपर्यंतची चरबी स्वच्छ येई आणि तिच्यावर जिवंत प्रवाळांचे ठसे उमटलेले असत. त्याच्या खाली ठशांबरोबर वाळूचे कण दिसू लागत. आणखी खोल गेल्यावर ठसे नाहीसे होऊन नुसती वाळू उरे. चरबीच्या या तुकड्यांवरून चार्ल्स डार्विनने निष्कर्ष काढला तो असा, की भित्ती रचणारे प्रवाळ वीस-तीस वावांच्या खाली जगू शकत नाहीत.

या एका निष्कर्षाने मोठा पेच उभा राहिला. प्रवाळ जर उथळ पाण्यातच जगतात, तर ज्याच्या तळाचा ठाव लागत नाही अशा सागरातून ही प्रवाळांची कंकणे वर आली कशी? डार्विनचे उत्तर असे, की जमीन हळूहळू खचत जाते आणि प्रवाळ आपल्या पूर्वजांच्या सांगाड्यांवर चढत चढत प्रकाशाजवळ राहतात. प्रथम बेटाच्या काठाला लागून असलेली अनुतट भित्ती, मग काठापासून सुटून दूर राहिलेली रोधक भित्ती, आणि शेवटी बेट बुडून गेल्यावर मागे उरलेले कंकणद्वीप, अशा या तीन अवस्था एकाच इतिहासाच्या आहेत. ही कल्पना त्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, एकही प्रवाळभित्ती डोळ्यांनी पाहिलेली नसताना सुचली होती, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. परंतु कल्पना सुचणे वेगळे आणि ती शाबीत करणे वेगळे. शाबीत करावयाची तर पृथ्वीवरील यच्चयावत प्रवाळभित्ती कोठे कोठे आहेत, कोणत्या प्रकारच्या आहेत आणि जेथे जमीन उचलली जाते अशा ज्वालामुखींच्या प्रदेशांपासून त्या दूर पडतात की काय, हे नकाशावर मांडून दाखवावयास हवे होते. आणि डार्विनने स्वतः पाहिलेल्या भित्ती म्हणजे ताहिती, कीलिंग आणि मॉरिशस येथील, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

तेव्हा उरलेले जग त्याने लंडनमध्ये मेजापाशी बसून गोळा केले. ब्रिटिश जलमापन खात्याचा प्रमुख ब्यूफोर्ट याच्या मेहेरबानीने खात्याच्या दप्तरातील सागरी नकाशे त्याला पाहावयास मिळाले. पॅसिफिकमधील बेटांविषयी जी जी प्रवासवर्णने छापली गेली होती ती ती त्याने वाचून काढली. आणि जेथे छापील मजकूर अपुरा पडला तेथे, ज्या कप्तानांनी ती बेटे पाहिली होती त्यांना पत्रे घालून माहिती मागवली. छोटेखानी असूनही या पुस्तकाने आपले वीस महिने कष्टाचे घेतले, असे तो आत्मचरित्रात सांगतो. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाला जोडलेला नकाशा फ्रेंच आरमाराच्या एका नकाशावरून उतरवून घेतलेला होता. त्याच्यावर कंकणद्वीपांना गडद निळा, रोधक भित्तींना फिकट निळा, अनुतट भित्तींना तांबडा आणि धुमसत्या ज्वालामुखींना शेंदरी रंग भरलेला होता. पुस्तकाच्या अखेरीस एक लांबलचक परिशिष्ट आहे, आणि माझ्या मते पुस्तकाचा खरा कणा तोच. त्यात एकेक बेट घेऊन, त्याच्याविषयीची माहिती कोणाकडून मिळाली, ती कितपत विश्वासार्ह आणि त्यावरून कोणता रंग द्यावा, याचा तपशील दिला आहे. आणि जेथे साक्ष अपुरी किंवा परस्परविरोधी वाटली तेथे तो भाग आपण रंगाविना सोडला आहे, असे निःसंकोच नमूद केले आहे. न्यायाच्या आसनावर बसलेल्या माणसाने एकेका साक्षीदाराची जबानी तपासून घ्यावी तसे ते परिशिष्ट वाचताना वाटत राहते.

या साक्षीदारांपैकी एक प्रमुख साक्षीदार आपल्या मुंबईचा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या ज्या ‘बॉम्बे मरीन’ आरमाराला १८३० साली ‘इंडियन नेव्ही’ हे नाव मिळाले, त्या आरमारातील रॉबर्ट मोर्सबी या अधिकाऱ्याने १८२९ ते १८३३ या काळात ‘पॅलिन्यूरस’ जहाजावरून तांबड्या समुद्राची मोजणी केली, आणि तेथून परतल्यावर मालदीव व चागोस या द्वीपसमूहांची मोजणी हाती घेतली. तांबड्या समुद्राच्या मोजणीमागे शास्त्रजिज्ञासा नव्हती. १८३० च्या मार्च महिन्यात ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईतच बांधलेली आगबोट सुएझकडे निघाली, आणि इंग्लंडची टपाल या वाटेने न्यावयाची तर आगबोटीच्या तळाला फोडून टाकणारे प्रवाळखडक पाण्याखाली नेमके कोठे दबा धरून आहेत हे कळल्यावाचून गत्यंतर नव्हते. मालदीवच्या मोजणीत तर तापाने माणसे हैराण केली. यंग आणि ख्रिस्तोफर हे दोन तरुण अधिकारी माले बेटावर लोकांची भाषा आणि चालीरीती समजून घेण्यासाठी मागे राहिले होते, आणि त्यांनी लिहिलेला वृत्तांत बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला. डार्विनने मालदीव बेटे कधीच पाहिली नाहीत. त्याच्या पुस्तकातील मालदीवचे वर्णन आणि चागोसचा मोठा थोरला उथळा म्हणजे बुडून गेलेले कंकणद्वीपच होय हा सिद्धांत, ही दोन्ही मोर्सबीच्या नकाशांवर आणि त्याने कळवलेल्या माहितीवर उभी आहेत.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मोर्सबीचे नाव पुस्तकात आहे, त्याच्या हाताखालच्या लेफ्टनंट पॉवेलचेही आहे. परंतु कंपनीच्या आरमारातील जहाजांवर कोकणपट्टीतले खलाशी मोठ्या संख्येने चाकरीला असत, आणि भर उन्हात तासन्‌तास शिशाचा गोळा पाण्यात सोडून वाव मोजण्याचे काम अधिकाऱ्यांच्या हातून होत नसते. किती वाव, वाळू की खडक, हे ज्यांनी होडीतून ओरडून सांगितले आणि ज्यांच्या सांगण्यावरून अधिकाऱ्याने वहीत आकडा मांडला, त्यांच्या नावांची नोंद कोणत्याही नकाशावर नाही. जगातल्या प्रवाळांचा पहिला रंगीत नकाशा तयार झाला तो अशा असंख्य अनाम डोळ्यांच्या आधाराने. लोकांनी पुरवलेल्या माहितीवर नकाशा करणे ही गोष्ट आजच्या काळाने शोधून काढलेली नाही.

एका कामासाठी टिपून ठेवलेली माहिती दुसऱ्याच कामी, तीही शतकांनंतर, कशी उपयोगी पडते याचा याहून जुना दाखला अमेरिकेतील फ्लोरिडाचा आहे. ब्रिटिश नौदलाच्या वतीने जॉर्ज गॉल्ड या मोजणीदाराने १७७३ ते १७७५ या वर्षांत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील बेटांच्या रांगेचे नकाशे केले, आणि जहाजांच्या सुरक्षिततेसाठी जागोजाग तळाला प्रवाळ आहे किंवा नाही हे त्यांवर लिहून ठेवले. लॉरेन मॅक्लेनाहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नकाशे आजच्या उपग्रहचित्रांवर बसवून पाहिले आणि २०१७ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. गॉल्डने जेथे प्रवाळ म्हणून लिहिले होते त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक क्षेत्रात आता प्रवाळभित्ती उरलेली नाही, आणि किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात तर हे प्रमाण ८७ टक्क्यांच्या वर जाते. शास्त्रज्ञांच्या पाहण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाल्या. त्यांनी जे पाहिले ते मूळ वैभव समजून त्याच्याशी पुढच्या ऱ्हासाची तुलना होत राहिली. मूळ वैभव त्याच्याही आधी निम्मे लयाला गेले होते हे कळले ते अठराव्या शतकातल्या एका मोजणीदाराच्या नेमस्तपणामुळे.

डार्विननंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास बराचसा विद्वानांच्या वादाचा आहे, आणि तो येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. १९५२ साली पॅसिफिकमधील एनिवेटाक बेटावर भोके पाडून पाहिली तेव्हा १,२०० मीटरांहून अधिक जाडीच्या चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला आणि डार्विनचा सिद्धांत खरा ठरला, एवढे म्हटले म्हणजे पुरे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना १९२८-२९ ची. सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लो आइल्स या बेटांवर सुमारे वर्षभर मुक्काम करून राहिली, आणि मायकेल स्पेंडर यांनी त्या एका भित्तीचा असा बारकाईचा नकाशा केला की नव्वद वर्षांनंतर लोक तो हातात घेऊन त्याच जागी गेले आणि काय नाहीसे झाले ते दगडागणिक पाहू शकले. तेव्हा ध्यानात आले की एका लहान बेटासाठी एवढे श्रम लागतात. ऑस्ट्रेलियाची महाभित्ती तर २,३०० किलोमीटर लांबीची असून तिच्यात सुमारे ३,००० भित्ती आहेत. शास्त्रज्ञांची संख्या कितीही वाढली तरी एवढ्या मुलखाची जमाबंदी त्यांच्या हातून होणे अशक्य.

ही अशक्यता उघडपणे मान्य केली गेली ती १९९३ साली. त्या वर्षी मायामी येथे जगातील प्रवाळतज्ज्ञांची एक परिषद भरली, आणि प्रवाळभित्तींची जगभर हानी होत आहे काय, या साध्या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नाही, असे त्या विद्वज्जनांना कबूल करावे लागले. एकेकाने आपापल्या आवडीची भित्ती आपापल्या पद्धतीने अभ्यासलेली, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी जुळेनात. या परिस्थितीवर ग्रेगर हॉजसन या शास्त्रज्ञाने जो तोडगा काढला त्याचे मला फार कौतुक वाटते. हौसेने बुडी मारणारी माणसे एव्हाना जगभर लक्षावधींच्या संख्येने तयार झाली होती. त्यांना एक-दोन दिवसांत शिकवता येईल अशी एकच सोपी पद्धत घालून द्यावी आणि एकाच हंगामात साऱ्या जगाची पाहणी करून टाकावी, हा तो तोडगा. समुद्रतळावर १०० मीटरांची फीत अंथरावयाची. तिच्यावर २० मीटरांचे चार तुकडे, प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये ५ मीटर मोकळे. आणि प्रत्येक तुकड्यात दर अर्ध्या मीटरला फितीच्या बरोबर खाली काय आहे, जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शैवल, वाळू की खडक, एवढेच पाटीवर मांडावयाचे. चार तुकड्यांचे मिळून १६० बिंदू. बरोबर ठराविक मासे आणि प्राणी मोजावयाचे, आणि तेही असे निवडलेले की नवख्या माणसाचीही ओळखण्यात गफलत होऊ नये: गोबरा, शेवंड, महाशिंपला, काळ्या काट्यांची सागरी साळिंदरे.

‘रीफ चेक’ या नावाने १९९७ साली ही पाहणी झाली. ३१ देशांतील ३०० हून अधिक भित्तींवर स्वयंसेवक उतरले, आणि प्रत्येक तुकडीबरोबर एक जाणता शास्त्रज्ञ असावा असा दंडक होता. आलेल्या नोंदींनी भल्याभल्यांना धक्का बसला. बहुसंख्य भित्तींवर एकही शेवंड आढळली नाही. मोठा गोबरा अनेक ठिकाणी नाममात्र उरलेला. मनुष्यवस्तीपासून दूर म्हणून ज्या भित्ती निर्वेध समजल्या जात त्याही मासेमारीने उजाड झालेल्या. प्रश्नाचे उत्तर मिळाले होते, आणि ते पगारी शास्त्रज्ञांच्या एकट्याच्या बळावर मिळालेले नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, समुद्र तापले. प्रवाळांचा रंग म्हणजे त्यांच्या शरीरात वस्तीला असलेल्या सूक्ष्म शैवलांचा रंग. हीच शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून प्रवाळाला पोसतात. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तपमानापेक्षा पाणी अंश-दीड अंशाने जरी काही आठवडे अधिक तापले तरी प्रवाळ हे सहजीवी बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. यालाच विरंजन म्हणतात. उष्मा ओसरला तर तो सावरतो, न ओसरला तर उपासमारीने मरतो. त्या एका वर्षाच्या संकटात जगातील सुमारे १६ टक्के प्रवाळभित्ती उद्ध्वस्त झाल्याचा अंदाज आहे, आणि आपल्या लक्षद्वीपलाही त्याचा भयंकर तडाखा बसला. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तपमान सांगू शकत होते, पण खाली प्रवाळ खरोखर पांढरे पडले की नाही हे पाण्यात उतरलेला माणूसच सांगू शकत होता. त्या वर्षी बेटाबेटांवरून, बुडी शिकवणाऱ्यांकडून, मच्छीमारांकडून, अभयारण्याच्या रखवालदारांकडून संगणकाच्या तारांवरून खबरा येत गेल्या, आणि त्या एकत्र मांडल्या गेल्या तेव्हा संकटाचा आवाका लोकांना कळला. परंतु खबरीत एक मोठी उणीव असे: एकाला जे ‘पांढरे’ दिसे ते दुसऱ्याच्या लेखी ‘जरा फिकट’ असे.

ही उणीव दूर करण्याचा जो उपाय ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात योजला गेला तो, मोठी यंत्रसामग्री पाहून दिपून जाणाऱ्या आपल्या काळात, मुद्दाम जवळून पाहण्यासारखा आहे. ‘कोरलवॉच’ या २००२ साली सुरू झालेल्या उपक्रमाने तळहातावर मावेल एवढा एक चौकोनी, पाण्याने न भिजणारा तक्ता तयार केला. तक्त्याच्या चार बाजूंना चार रंगछटा, त्यांना बी, सी, डी, ई अशी अक्षरे, आणि प्रत्येक छटेच्या सहा पायऱ्या: १ म्हणजे जवळजवळ पांढरी, ६ म्हणजे गडद. पाण्यात उतरलेल्या माणसाने एक प्रवाळ निवडावा, त्याच्या सर्वांत फिक्या भागाशेजारी तक्ता धरून कोणत्या चौकोनाशी तो जुळतो ते पाहावे, मग सर्वांत गडद भागाशेजारी धरावा, आणि ‘डी-२, डी-५’ अशी दोन अक्षरांकांची नोंद पाटीवर करून पुढच्या प्रवाळाकडे वळावे. प्रवाळ फांद्यांचा आहे, गोट्यासारखा आहे, थाळीसारखा आहे की मऊ आहे, एवढे शेजारी लिहावे. पाण्याखाली तांबडा रंग हरवतो आणि सारेच निळसर दिसू लागते. पण प्रवाळ आणि तक्ता एकाच पाण्यात शेजारी शेजारी असल्यामुळे दोघांवर तो परिणाम सारखाच होतो, आणि तुलनेत खोट राहत नाही. त्याच जागी काही आठवड्यांनी पाहिले असता रंग दोन पायऱ्यांनी उतरला असेल, तर प्रवाळातील शैवलांची संख्या खरोखरच बदलली आहे असे प्रयोगशाळेत पडताळून झालेले आहे. शाळकरी मुलाच्या हातातल्या तक्त्यावर घेतलेली नोंद अशा रीतीने शास्त्राच्या दरबारात रुजू होते.

दरम्यान आकाशातून पाहण्याची विद्या वाढत होती. २००१ साली मार्क स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी जगातील प्रवाळभित्तींचा जो बृहत्‌ नकाशासंग्रह काढला त्यात एकूण क्षेत्र २,८४,३०० चौरस किलोमीटर दिले होते, आणि त्यातही पुष्कळ माहिती जुन्या सागरी नकाशांतून उचललेली होती. पुढे लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून सर्ज आंद्रेफुए यांच्या गटाने भित्तींचे भूरूप रेखाटले. त्यानंतर, मायक्रोसॉफ्टच्या संस्थापकांपैकी एक पॉल ॲलन यांच्या द्रव्यसाहाय्याने २०१८ साली सुरू झालेला ‘ॲलन कोरल ॲटलस’ २०२१ च्या सप्टेंबरात साऱ्या उष्ण कटिबंधापुरता पुरा झाला. लहान लहान उपग्रहांचा थवा पृथ्वीचे चित्र रोज नव्याने घेतो, गणकयंत्र त्यातील एकेका ठिपक्याला प्रवाळ, समुद्रगवत, वाळू, खडक असे नाव देते. पण गणकयंत्राला हे नाव देणे शिकवले कोणी? जगभरातील शेकडो माणसांनी, कोणी शास्त्रज्ञ, कोणी रखवालदार, कोणी स्थानिक संस्थेचे कार्यकर्ते, आपापल्या भित्तीची छायाचित्रे आणि नोंदी स्थाननिर्देशासह हवाली केल्या. त्या नोंदींवर यंत्र शिकले आणि त्या नोंदींवरच त्याची परीक्षाही झाली. पुढे या सामग्रीवरून उथळ भित्तींचे क्षेत्र ३,४८,३६१ चौरस किलोमीटर निघाले, मात्र प्रत्यक्ष प्रवाळांची वस्ती असलेले त्यापैकी सुमारे ८०,००० चौरस किलोमीटर.

माहितीचे इतर स्रोतही अनपेक्षित ठिकाणांहून वाहू लागले. नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२० च्या एप्रिलमध्ये एक खेळ लोकांसमोर ठेवला, ज्यात घरी बसलेला कोणीही मनुष्य समुद्रतळाच्या चित्रातील प्रवाळ ओळखून त्यांवर रंग भरतो आणि ते रंगकाम महासंगणकाला शिकवण्याच्या कामी येते. स्पाल्डिंग यांनीच, प्रवाशांनी फ्लिकरवर सहज म्हणून चढवलेली छायाचित्रे आणि बुडी मारण्याच्या ठिकाणांच्या याद्या एकत्र करून, कोणत्या भित्ती किती पर्यटक ओढतात याचा नकाशा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला आणि प्रवाळभित्तींच्या पर्यटनाचे मोल वर्षाला ३६ अब्ज डॉलर ठरवले. २०२० साली महासाथीने पर्यटकांच्या होड्या बंदरात अडकून पडल्या असताना अँडी रिडले यांच्या ‘सिटिझन्स ऑफ द ग्रेट बॅरियर रीफ’ या संस्थेने महाभित्तीची शिरगणती आरंभली: मच्छीमारांनी, सहलीच्या होडीवाल्यांनी, हौशी नाविकांनी दूरदूरच्या भित्तींची छायाचित्रे घ्यावीत, ती संस्थेच्या संकेतस्थळावर चढवावीत, आणि जगातल्या कोणीही घरबसल्या त्यांचे पृथक्करण करावे. पीटर मम्बी यांच्यासारखे शास्त्रज्ञ या नोंदींतून ज्या भित्ती शोधतात त्या ‘मातृभित्ती’ म्हणता येतील अशा, म्हणजे ज्यांचे बीज प्रवाहाबरोबर वाहत जाऊन उजाड शेजाऱ्यांना पुन्हा वसवू शकेल. रक्षणाला पैसा आणि माणसे तुटपुंजी असताना आधी राखावयाच्या भित्ती कोणत्या, हे त्यावरून ठरते.

या साऱ्यात दोष नाहीत असे नाही. माणसे जेथे पाणी निर्मळ आणि होडी स्वस्त तेथेच जातात, त्यामुळे काही भित्तींच्या हजारो नोंदी आणि काहींची एकही नाही. नकाशावर रंग नसणे म्हणजे प्रवाळ नसणे, असा गैरसमज होण्याचा धोका कायमचा. दुर्मिळ प्रवाळाची जागा जाहीर केली की चोरही ती वाचतो. आणि नुसत्या छायाचित्रावरून जात ओळखणे तज्ज्ञालाही पुष्कळदा साधत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीची रुजुवात दुसऱ्या नोंदीशी आणि जमल्यास प्रत्यक्ष जागेशी झाली पाहिजे, हा डार्विनच्या परिशिष्टातला दंडक आजही सैल करून चालणार नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला हे सारे विशेष लागू आहे. आपल्याकडे प्रवाळ नाहीतच, अशी समजूत फार दिवस रूढ होती. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ते आहेत, आणि तेथे १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर, सरखेल कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेली आंग्रिया बँक ही बुडालेली उंचवट्याची भूमी आहे; तिचा माथाच पाण्याखाली वीस मीटरांच्या सुमारास, म्हणजे उपग्रहाची दृष्टी जेथे निकामी होऊ लागते तेथे. मच्छीमारांना तो उथळा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्या सागरी जीवशास्त्रज्ञांनी बुड्या मारून तेथील प्रवाळ पाहिले. १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक हद्दीबाहेर असल्याने राज्याचा अभयारण्याचा हुकूम तेथे चालत नाही. संरक्षण द्यावयाचे तर केंद्र सरकारला १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यान्वये द्यावे लागेल.

मुंबईच्या गढूळ पाण्यात तर उपग्रह आंधळाच. गाळाने भरलेल्या त्या पाण्याखाली काय आहे हे ओहोटीच्या वेळी खडकांवर चालत गेलेल्या माणसालाच दिसते. २०१७ साली प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खाली उतरते त्या वेळा साधून ही मंडळी नागरिकांना हाजी अली, वरळी, गिरगाव, जुहू येथल्या खडकांवर नेतात, खळग्यांतल्या जिवांची छायाचित्रे घेतात, आणि ती तारीख व स्थळासह आयनॅचरलिस्ट या खुल्या नोंदवहीत चढवतात, जेथे जगातला कोणीही जाणकार ओळख पक्की किंवा रद्द करू शकतो. खडकाला चिकटलेले, नखाएवढ्या पेल्यांचे लहान प्रवाळ या फेरफटक्यांत नोंदले गेले. सागरी किनारा मार्गाचे काम निघाले तेव्हा वरळी आणि हाजी अली येथे बांधकामाच्या आड येणारे प्रवाळांचे १८ समूह २०२० च्या नोव्हेंबरात उचलून दुसरीकडे लावण्यात आले, आणि त्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. कारण २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. कायद्याचे ते संरक्षण मात्र ज्या खडकावर प्रवाळ असल्याची नोंद झालेली आहे त्यालाच व्यवहारात पोचते, आणि मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खडकाळ किनाऱ्याचा फार मोठा भाग अद्याप कोणी ओहोटीत चालून पाहिलेला नाही.